पखवाजाचा घुमारा कुठं गेला?

मावळात भाताची लावणी उरकत आली की संध्याकाळी घराबाहेर पडायची सोय राहत नाही. बाहेर पाऊस, आत चूल, आणि हल्ली ओटीवरच्या कोपऱ्यात टीव्ही. अशाच एका संध्याकाळी पवन मावळातल्या एका घरून बोलावणं आलं. धाकटा मुलगा लोणावळ्यात तुंगार्लीच्या एका बंगल्यावर देखरेखीला आहे. मालकांनी नवं सामान घेतलं आणि जुनं होम थिएटर याला देऊन टाकलं. एक रिसिव्हर आणि छातीएवढे उंच दोन स्पीकर. फुकटात आलेली वस्तू म्हणून घरात आनंद, पण वाजेना मनासारखी.

घरातले आजोबा भजनी मंडळाचे जुने पखवाजी. आता बोटं वळत नाहीत, म्हणून नातवानं हौसेनं भजन लावून दिलं. आजोबा दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "बाळा, याच्या पखवाजाला डाव्या अंगाला कणीक लावायची राहिली का रे?" पोरं हसली, पण आजोबांचं बरोबर होतं. शाईची टणटण ऐकू येत होती, धुमाचा घुमारा नव्हता.

आता हे स्पीकर कसे असतात ते आधी समजून घ्या. वरच्या भागातल्या गोल पडद्यांना रिसिव्हरची ताकद मिळते, लाल-काळ्या वायरीतून. खालच्या भागात मोठा पडदा, त्याला सबवूफर म्हणतात. जाड, खोल आवाज त्याच्याकडे. त्याच्यासाठी स्पीकरच्या पोटातच वेगळं ॲम्प्लिफायर बसवलेलं असतं. म्हणून या स्पीकरला भिंतीतल्या विजेचा प्लगही लागतो. रिसिव्हरवरचा भार त्यामुळे हलका होतो. विहिरीवर आधीची मोटार तशीच ठेवून लांबच्या शेतासाठी दुसरी बसवावी, तसं.

जोडायचे दोन मार्ग. सोपा मार्ग म्हणजे रिसिव्हरपासून दोन्ही स्पीकरना नुसती लाल-काळी वायर न्यायची आणि स्पीकरचा प्लग लावायचा. खालचं ॲम्प्लिफायर त्याच वायरीतून जाड आवाज उचलून घेतं. मात्र रिसिव्हरच्या सेटिंगमध्ये पुढचे स्पीकर 'लार्ज' आणि सबवूफर 'नो' असं सांगावं लागतं. दुसऱ्या मार्गात या वायरी तशाच ठेवून रिसिव्हरच्या 'सब आउट' भोकातून आणखी एक बारीक केबल, पुढं दोन फाटे फोडून, दोन्ही स्पीकरच्या 'एलएफई' भोकात घालतात. तेव्हा सबवूफर 'येस', स्पीकर 'स्मॉल', आणि वाटणी 80 हर्ट्झवर. स्पीकरला ते भोक नसेल तर हा मार्ग नाही. आणि त्या भोकात स्पीकरची लाल-काळी वायर चुकूनही घालू नका, जळेल.

आमच्या पोराचं काय झालं? रिसिव्हरनं विचारलं, सबवूफर आहे का? स्पीकरमध्ये सबवूफर तर आहेच, म्हणून त्यानं 'येस' सांगितलं. पण बारीक केबल जोडलीच नव्हती. रिसिव्हरनं इमानानं सगळा जाड आवाज 'सब आउट'कडं धाडला आणि तो तिथंच संपला. पाटाला पाणी सोडलं, पण शेताकडचं दार उघडलंच नाही. मेनूत दोन शब्द बदलायचे, एवढंच काम.

त्यात एक खोट आणखी निघाली. डाव्या स्पीकरला लाल-काळी वायर उलटी लागली होती. मग एक पडदा पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो आणि जाड आवाज हवेतच एकमेकाला खातो. म्हणून वायरीच्या एका पदराला खूण करून ठेवा. टोक सोलताना तांब्याचा एकही तंतू बाहेर लोंबता कामा नये. लाल-काळं एकमेकाला चिकटलं तर रिसिव्हर जातो. आणि हे सगळं प्लग काढून करायचं.

पण मला खरी काळजी लागली ती वेगळ्याच गोष्टीची. आजी म्हणाल्या, "केर काढताना त्याच्या पाठीला हात लागला की मुंग्या येतात बघा." स्पीकरची पाठ पत्र्याची. प्लग पाहिला तर वरची जाड पिन पक्कडीनं उपटलेली! ओटीवरच्या बोर्डाला दोनच भोकं, म्हणून पोरानं ही युक्ती केलेली. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली नेऊन खोपोलीला 1915 पासून वीज करतात, आणि तिच्या शेजारचे आपण अजून अर्थिंगची पिन फालतू समजतो. यंत्रात बिघाड होऊन पत्र्यात वीज उतरली तर तिला जमिनीत न्यायला ही पिन असते. ती नसेल तर वाट आजींच्या अंगातून. पावसाळ्यात जमीन ओली, पाय अनवाणी. काही स्पीकरना मुळातच दोन पिना असतात, ते वेगळं. तीन असतील तर तीनही हव्यात. स्पीकर घूंऽऽ करतो म्हणूनही कुणी ही पिन काढायला सांगतात, ऐकू नका. टीव्ही, डिशचा डबा, रिसिव्हर, स्पीकर सगळे एकाच बोर्डावरून चालवून पाहा, पुष्कळदा घूं थांबतं.

बंगल्यावरच्या सामानाची आणखी एक तपासणी. परदेशातून आलेलं असेल तर पाठीवर 120 व्होल्ट लिहिलेलं असू शकतं. आपल्याकडं 230. तसंच लावलंत तर पहिल्याच दिवशी धूर निघेल.

नवा तीन पिनांचा प्लग आणवला. स्वयंपाकघरात फ्रिजसाठी वायरमननं अर्थिंग घालून दिलेला पॉइंट होता, तिथं स्पीकर तात्पुरते हलवले. आवाजाचं बटण मध्यावर ठेवलं आणि भजन पुन्हा लावलं. पहिला धुमा पडला तशी फळीवरची भांडी किणकिणली. आजोबा बोलले नाहीत. डावा हात मात्र मांडीवर पडू लागला, तालात.

ओटीवर तिसरं भोक आणि बोर्डात गळती पकडणारा 30 मिलीअँपिअरचा खटका बसवायला वायरमन रविवारी यायचा आहे. तोवर भजन चुलीपाशी. आजी कुरकुरतात, भाकरी थापायला जागा उरली नाही.