बंब गावाचा हवा

आग विझवणं हे कोणाचं काम? राज्यघटनेत याचं उत्तर आहे, पण ते शहरांपुरतं. नगरपालिकांच्या कामांची यादी देणाऱ्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा स्वच्छ लिहिलेली आहे. पंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. त्यांत ग्रंथालयं आहेत, बाजार आणि जत्राही आहेत, अग्निशमन नाही. 1992 च्या घटनादुरुस्त्यांतली ही उणीव पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांच्या पाड्यांवर आजही भोगली जाते.

कुडाच्या भिंती, अंगणात भाताची उडवी, बाजूला गुरांसाठी साठवलेली पावली. अशा घराला ठिणगी लागली की शेजाऱ्यांनी विहिरीवरून हंडे आणेपर्यंत घर संपतं. नगर परिषदेचा बंब डहाणू शहरात, म्हणजे समुद्राकाठी. तिथून महामार्गावरचं चारोटी पंचवीसेक किलोमीटर, सायवन आणखी आत. देशाच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेने ग्रामीण भागासाठी 20 मिनिटांत मदत पोहोचावी असा निकष घातला आहे. या रस्त्यांवर तो पाळायचा कसा? बंबावरच्या जवानांचा यात काही दोष नाही.

आणि प्रश्न आगीपुरता नाही. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले, 1 फेब्रुवारी 2019 ला 4.1 तीव्रतेचा धक्का बसला आणि लोकांनी भर थंडीत रात्री तंबूत काढल्या. जानेवारी 2018 मध्ये डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांची बोट उलटली, तीन मुली गेल्या. मदतीला आधी धावले ते मच्छीमार. उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी 4 सप्टेंबर 2022 ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर आदळली, तेव्हा देशाचं लक्ष तिकडे गेलं. त्याच महामार्गावर आच्छाडपर्यंत रसायनांचे टँकर रात्रंदिवस धावतात. चेपलेल्या गाडीचा पत्रा कापून माणूस बाहेर काढायला यंत्र लागतं, आणि ते चालवणारा जवळपास असावा लागतो.

जगात यावर जुना तोडगा आहे. जर्मनीत बहुतेक गावांची अग्निशमन दलं गावकऱ्यांचीच असतात. इंग्लंडच्या ग्रामीण केंद्रांत सुतार, दुकानदार, शिक्षक आपापलं काम करतात आणि वर्दी आली की साधारण पाच मिनिटांत केंद्रावर हजर होतात. त्यांना वर्षाचं ठरलेलं मानधन मिळतं, शिवाय प्रत्येक वर्दीचे वेगळे पैसे. असं एकेक केंद्र डहाणू तालुक्यातल्या कासा गावी आणि तलासरीला उभं राहायला हवं. मोठा बंब पाड्याच्या वाटेवर अडतो, म्हणून सोबतीला टाकी आणि पंप बसवलेला पिकअप हवा. उन्हाळ्यात पाणी कुठून भरायचं, सूर्या कालव्यावरची कुठली जागा, कुर्झे धरणाची कुठली बाजू, हे पावसाळा संपताच ठरलेलं हवं.

मात्र परदेशातली पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही. इथे दिवाळीनंतर कित्येक पुरुष वीटभट्ट्यांवर आणि बोटींवर निघून जातात. केवळ तरुण मुलांची यादी केली तर ऐन आगीच्या दिवसांत ती कागदावरच राहील. म्हणून पथकात बायका हव्यात, आणि सांगण्यापुरत्या नव्हे. पाड्यावर दिवसभर त्याच असतात, पाणी कुठे आहे आणि कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे हे त्यांना ठाऊक असतं. बचतगटांमुळे एकत्र काम करायची सवयही आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. सेवाभावाच्या नावाखाली मजुरांकडून फुकट काम मागणं मला अन्यायाचं वाटतं. ज्याचा रोज बुडतो त्याला मानधन, विमा आणि अंगावर घालायला नीट गणवेश, हे आधी. राज्यांच्या अग्निशमन सेवा वाढवण्यासाठी केंद्राने जुलै 2023 मध्ये 5,000 कोटी रुपयांची योजना आणली. त्यातला वाटा महापालिकांच्या उंच शिड्यांबरोबर पाड्यांपर्यंतही यायला हवा.

घटनेच्या यादीत नाही म्हणून राज्य सरकारचे हात बांधलेले नाहीत. ही जबाबदारी जिल्हा परिषदेकडे देऊन स्वतंत्र निधी देता येतो. दोन्ही तालुके आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या क्षेत्रात आहेत आणि ग्रामसभेच्या शब्दाला इथे कायद्याने वजन आहे. येत्या 1 मेच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने हा ठराव मांडावा, तो लिहून घ्यायला लावावा आणि त्याची प्रत पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात पोहोचवून पोच घ्यावी.