अणुवीज आणि मराठवाड्याची तहान

हवामान बिघडत चाललें आहे; तें बिघडविणारा कोळसा जाळणें थांबलें पाहिजे; आणि कोळशाची जागा घेण्यास अणुशक्तीवांचून दुसरें कांहींही समर्थ नाहीं, असा एक त्रिपदी सिद्धांत आमच्या सुशिक्षित वर्गांत अलीकडे फार रूढ झाला आहे. पहिलीं दोन पदें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहेत. तिसऱ्या पदाविषयीं मात्र आमचा तंटा आहे, आणि तो आम्ही मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत बसून नव्हे, तर बीड जिल्ह्यांतील घाटनांदूर येथून मांडीत आहों. जागेचा उल्लेख मुद्दाम केला आहे. विजेचा प्रश्न कोठून पाहिला यावर त्याचें रूप पुष्कळसें अवलंबून असतें.

प्रथम प्रतिपक्षाचें जें देणें असेल तें देऊन टाकूं. अणुभट्टी धूर सोडीत नाहीं, ही गोष्ट खरी. ती उन्हावाऱ्याची वाट न पाहतां महिनोन्महिने चालते, हेंही खरें. उत्तर कन्नड जिल्ह्यांतील कैगा येथील पहिली भट्टी २०१८ सालाच्या अखेरीपर्यंत सलग ९६२ दिवस चालली, आणि तो त्या वेळीं जगांतील उच्चांक ठरला. १९६९ सालीं सुरू झालेल्या तारापूरच्या केंद्रानें कोणताही प्रलय ओढवून आणलेला नाहीं. जर्मनीनें एप्रिल २०२३ मध्यें आपल्या शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या आणि कोळशाचीं केंद्रें मात्र धुमसत ठेवलीं, हें कृत्य आमच्या मतें शहाणपणाचें नव्हतें. जें यंत्र उभें आहे तें सुरक्षितपणें चालत असेल तोंवर चालूं द्यावें. अणूचें नुसतें नांव काढल्याबरोबर हिरोशिमा आठवून अंगावर कांटा आणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं. आमचा वाद चालत्या भट्टीशीं नाहीं. अजून न बांधलेल्या भट्टीवर ज्यांनीं आमच्या नातवंडांचें भवितव्य टांगून ठेवलें आहे, त्यांच्याशीं आहे.

परळी वैजनाथ हें आमच्या शेजारचें गांव. तेथील औष्णिक वीजकेंद्र हा या उपेक्षित भागाचा एक अभिमानाचा विषय. २०१३ सालच्या आरंभीं दुष्काळ असा पडला कीं, ११३० मेगावॅटांचें तें केंद्र सबंधच्या सबंध बंद ठेवावें लागलें. यंत्रें जागच्या जागीं होतीं, माणसें होतीं, पाणी नव्हतें. २०१५ सालीं पुन्हा तोच प्रकार. विजेचें केंद्र पाण्यावांचून मरतें, ही गोष्ट शहरांत पुस्तकांतून शिकावी लागते. आम्हांस ती थंड पडलेल्या धुराड्यांनीं शिकविली.

कारण सोपें आहे. पाणी उकळावयाचें, वाफेनें चाक फिरवावयाचें, आणि मग ती वाफ थंड करून पुन्हा तिचें पाणी करावयाचें. या थंड करण्यांतच पाण्याचा खरा फडशा पडतो. २०१५ सालीं केंद्र सरकारनें जुन्या औष्णिक केंद्रांस घालून दिलेली मर्यादाच मुळीं दर युनिटास साडेतीन लिटर पाण्याची आहे. हजार मेगावॅटांचें केंद्र एक दिवसभर पूर्ण शक्तीनें चाललें तर २ कोटी ४० लाख युनिटें निघतात, म्हणजे ८ कोटी ४० लाख लिटर पाणी गेलें. वाचकांस एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून लातुरास पाणी घेऊन गेलेली आगगाडी आठवत असेल. ५० वाघिणींची ती गाडी एका खेपेस सुमारें २५ लाख लिटर पाणी आणीत असे, आणि त्या पाण्यासाठीं लोक घागरी घेऊन रांगा लावीत. तशा तेहतीस-चौतीस गाड्या रोज, एवढी एका केंद्राची तहान.

अणुभट्टी तरी दुसरें काय करते? चूल बदलली, आधण तेंच. उलट, तिच्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेंत उतरतो व बाकीचा बाहेर टाकावा लागतो, म्हणून तिला कोळशाच्या नव्या केंद्राहून अधिकच पाणी लागतें. एप्रिल २०२५ मध्यें आमच्या महानिर्मितीनें रशियाच्या रोसाटॉमशीं थोरियमच्या लहान अणुभट्टीविषयीं सामंजस्य करार केला; तेव्हांपासून कोळशाच्या जुन्या जागीं अशा भट्ट्या बसवाव्या, ही भाषा आमच्याकडील पुढाऱ्यांच्याही कानांस गोड लागूं लागली आहे. भट्टी लहान केल्यानें दर युनिटामागचें पाणी लहान होत नाहीं. आणि जाणत्यांनीं स्थिर मानलेली हीच आमची भूमि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या किल्लारीस कशी हालली, हेंही जाग्यावर ठेवावें.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, भट्टी समुद्रकांठीं बांधूं. समुद्र कांहीं आटत नाहीं. उत्तर बिनतोड आहे, आणि त्याचें नांव जैतापूर. सहा भट्ट्या, प्रत्येकी १६५० मेगावॅटांची, फ्रेंच बनावटीची; करार झाला डिसेंबर २०१० मध्यें. पुढें चारच महिन्यांनीं, फुकुशिमा जळत असतांना, साखरी नाटे येथें आंदोलकांवर गोळीबार होऊन एक माणूस मेला. तेव्हांपासून आजवर त्या पठारावर एक युनिटही वीज निघालेली नाहीं. आंदोलनानें उशीर केला असें कोणी म्हणेल, तर त्यानें त्याच बनावटीच्या भट्टीचा खुद्द फ्रान्समधील इतिहास पाहावा. फ्लामांव्हिल येथें बांधकाम २००७ मध्यें सुरू झालें, वीज २०१२ मध्यें यावयाची होती, ती आली डिसेंबर २०२४ मध्यें, खर्च ३.३ अब्ज युरोंवरून १३.२ अब्जांवर गेला. तेथें कोणी कोंकणी कोळी आडवा पडला नव्हता. आपल्याच लोकांनीं, आपल्याच आराखड्यानें बांधलेली काक्रापारची तिसरी भट्टी घ्या: आरंभ २०१० मध्यें, व्यापारी वीज २०२३ मध्यें. आग लागल्यावर विहीर खणावयास घेणें ही म्हण आम्ही बालपणीं शिकलों. तेरा वर्षांची विहीर मात्र ऐकली नव्हती.

आतां सूर्याकडे वळूं. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पांत २०४७ पर्यंत १ लाख मेगावॅट अणुवीज उभारण्याचा संकल्प जाहीर झाला. नेमका तोच एक लाखाचा आंकडा सौरविजेनें त्यापूर्वींच, जानेवारी २०२५ मध्यें, ओलांडला होता. येथें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे कीं, सौर मेगावॅट आणि अणु मेगावॅट एक नव्हेत. रात्र आणि ढग वजा जातां सौर यंत्र वर्षाकांठीं अणुयंत्राच्या चतुर्थांशाइतकीच वीज देतें. चतुर्थांश धरा. तरीही तें २५ हजार मेगावॅट अणुभट्ट्यांच्या बरोबरीचें झालें. आणि त्यांतील बहुतेक सर्व अवघ्या दहा वर्षांतील काम आहे. तारापूरपासून अर्ध्या शतकाहून अधिक काळांत आपण उभारलेल्या सर्व अणुभट्ट्या मिळून ९ हजारांच्या आंत आहेत.

पण आमचा खरा मुद्दा आंकड्यांहून जवळचा आहे. आमच्या भागांत विजेचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे विहिरीवरचा पंप. त्या पंपास वर्षानुवर्षें आळीपाळीनें वीज मिळत आली आहे: कांहीं दिवस दिवसा, कांहीं दिवस मध्यरात्रीं. पौषाच्या थंडींत, सापाविंचवाच्या धास्तीनें, हातांत बॅटरी घेऊन दारें धरणारा शेतकरी ज्यानें पाहिला आहे, त्याला सूर्य रात्रीं मावळतो हा आक्षेप मोठासा वाटत नाहीं. पंपाला वीज हवी ती दिवसाच. २०१७ सालीं सुरू झालेल्या व २०२३ पासून वाढविलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचें सारें मर्म एवढेंच आहे, आणि सरकारी योजनांविषयीं आमचा सामान्य अनुभव कडवट असूनही ही कल्पना मुळांत शुद्ध आहे असें आम्ही म्हणतों. कांचा पुसण्यापुरतें पाणी सोडलें तर सूर्य आमच्याकडे तहान घेऊन येत नाहीं.

संध्याकाळचा प्रश्न उरतो, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. दिवे लागतात त्याच वेळीं ऊन संपतें. त्यासाठीं दिवसा पाणी वर चढवून रात्रीं खालीं सोडणारीं, सह्याद्रींतील घाटघरसारखीं केंद्रें वाढवावीं लागतील. बॅटऱ्यांचीं कोठारें बांधावीं लागतील. आणि तीं होईतों कोळसाही कांहीं काळ जळेल. सूर्यभक्तांनीं हें लपवूं नये.

त्यांनीं आणखीही एक गोष्ट लपवूं नये. केज तालुक्यांतील मस्साजोग आमच्याच टापूंत आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजीं तेथील सरपंचांची निर्घृण हत्या झाली, आणि पवनऊर्जेच्या एका कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशीं तिचा संबंध असल्याचें तपासयंत्रणेनें आरोपपत्रांत मांडलें आहे. वारा निर्मळ असला म्हणून त्याचा धंदा निर्मळ राहतोच असें नाहीं. जमिनीचे भाडेकरार गुप्त, मोबदला ओळखीवर, आणि ठेका दांडगाईनें, अशीच नवी वीज येणार असेल तर या जिल्ह्यांतील लोक तिलाही उद्यां जैतापूरसारखेच आडवे पडतील, आणि तेव्हां आम्ही त्यांस दोष देणार नाहीं. भाड्याचा प्रत्येक करार ग्रामसभेपुढें मोठ्यानें वाचला जावा, ही मागणी त्यासाठीं पहिली.

दुसरी मागणी परळीपुरती. तेथील कांहीं जुने संच मोडीत निघाले आहेत. पण जागा आहे, मुलखभर वीज वाहून नेणाऱ्या तारा आहेत, हाताखालीं शिकलेले कामगार आहेत. त्या जागीं लहान अणुभट्टी बसवावी कीं आसपासच्या माळावरील सौरवीज सांठविणारें बॅटऱ्यांचें कोठार, याचा तुलनेचा हिशेब महानिर्मितीनें मराठींत छापून प्रसिद्ध करावा. किती वर्षें, किती रुपये, आणि २०१३ सारख्या वर्षीं रोज किती लिटर, हे तिन्ही रकाने त्यांत भरलेले असावेत.