नाकातली दुर्बीण

आमच्या अम्मीला सजद्यात गेलं की कपाळ आणि डोळ्यांखालचा भाग ठणकायचा. शेवटी ती खुर्चीवर बसून नमाज पढू लागली आणि आम्ही ते वयावर ढकललं. दोन वर्षं वाफ, नाकात थेंब, दर सर्दीला मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिक गोळ्या. नाक मोकळं करणारे थेंब आठवडाभराहून जास्त घातले तर त्यांच्यामुळेच नाक चोंदतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. विचारलंही नव्हतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात बधिर करणारा स्प्रे मारला आणि ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत सरकवली. पाच मिनिटांचं काम. अम्मीची तक्रार एवढीच, की घशात उतरलेलं औषध कडू होतं. पडद्यावर आम्हीही पाहिलं: सायनसची तोंडं उघडतात तिथंच सोललेल्या द्राक्षासारखे फिकट कोंब, मागे पू. आधीच्या एक्स-रेत हे कोंब कळले नव्हते.

कोंब दिसले म्हणजे लगेच ऑपरेशन, असं नाही. आधी स्टेरॉइडचा स्प्रे आणि उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणं. भागलं नाही तर सीटी स्कॅन काढून त्याच दुर्बिणीतून सायनसची मूळ वाट रुंद करतात. चेहऱ्यावर चीर नसते. कोंब पुन्हा येऊ शकतात, म्हणून स्प्रे नंतरही चालूच.

१२ आठवडे नाक चोंदलेलं असेल, तर तपासून घ्या. एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल, किंवा मधुमेह्याचा चेहरा सुजून दुखत असेल, तर थांबूच नका.

अम्मीचं स्प्रेवर निभावलं. तिसऱ्या महिन्यात तिला फोडणीचा वास आला.