गळाला लागलेला ‘महिला गट’

‘‘आणि महिलांसाठी स्वतंत्र गट ठेवलेला आहे,’’ असे संयोजकांपैकी एकाने जाहीर केले, तेव्हा आमच्याच दोन कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांविषयी लिहायचे आहे.

वसई-विरार पट्ट्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात गेल्या हिवाळ्यात पर्यटनवाढीसाठी बैठक झाली. कयाक म्हणजे एका माणसाने बसून वल्हवायची चिंचोळी होडी. तीत बसून किनाऱ्यापासून दूर समुद्रात जायचे, गळाने मासा पकडायचा, ज्याचे मासे लांबीने मोठे त्याला बक्षीस, अशी स्पर्धा आपल्याकडे भरवावी असा प्रस्ताव होता. पडद्यावर फ्लोरिडा आणि ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धांची चित्रे दाखवली गेली. पुरुषांचे बक्षीस जाहीर झाले, बायकांचे त्याच्या निम्मे जाहीर झाले. गावातल्या बचतगटाच्या कोळणींनाही बोलावले होते. त्या कशासाठी, तर पाहुण्यांसाठी मासळीच्या जेवणाचा स्टॉल लावायला आणि उद्‌घाटनाला लुगडी नेसून नाचायला.

ज्यांचा सगळा जन्म मासळीत गेला त्यांच्याकडे चूल आणि नाच, आणि ‘महिला गट’ मात्र शहरातून लाखावर किमतीची कयाक गाडीच्या टपावर बांधून आणू शकणाऱ्या मुलींसाठी! हे तिथल्या तिथे कुणालाच खटकले नाही. मलाही घरी आल्यावर खटकले, हे कबूल करते.

आधी या स्पर्धा चालतात कशा ते सांगायला हवे. जगभर हा आता मोठा धंदा आहे. कयाक बनवणाऱ्या एका कंपनीने २०११ पासून त्याचे जागतिक सामनेही भरवले. स्पर्धकाकडे रॉड, रील, लाइफ जॅकेट, दिशा दाखवणारे यंत्र, पाण्याखालचा मासा दाखवणारे यंत्र असते. बऱ्याच स्पर्धांत मासा वजनाला लावतही नाहीत. मोजपट्टी छापलेल्या फळीवर तो आडवा ठेवायचा, फोटो काढायचा आणि पाण्यात परत सोडून द्यायचा. फोटोतल्या लांबीची बेरीज म्हणजे गुण. हे ऐकून बैठकीतल्या एका म्हाताऱ्या मावशींनी विचारले, ‘‘सोडून देतात? मग धरला कशाला?’’ सगळे हसले. मावशी हसल्या नव्हत्या. मासा हा त्यांच्या लेखी कुणाच्या तरी ताटातला घास, आणि तो घास मिळवणे हे काम. खेळात त्याचा पुरावा एवढाच उरतो, की एका माणसाने, एका होडीतून, स्वतःच्या हाताने हा मासा ओढला.

मासेमारी म्हणजे मासा ओढणारा हात, बाकी सगळे किरकोळ, ही समजूत या खेळाने निर्माण केलेली नाही. ती आपल्या सरकारी कागदांत आणि कोळीवाड्यांतही मुरलेली आहे. स्पर्धा तिला फक्त चषक देते.

खुद्द कयाकचाच इतिहास बघा. ही होडी आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांची, शिकारी पुरुषाने एकट्याने न्यायची. तिच्या सांगाड्यावर सीलची कातडी ताणलेली असे. ती कातडी कमावणे, आणि थेंबभर पाणी आत येणार नाही अशा टाक्यांनी शिवणे, हे बायकांचे काम. टाका चुकला तर शिकारी बुडाला. त्यांचीच दुसरी मोठी होडी उमियाक. ग्रीनलंडमध्ये ती बायका वल्हवत, म्हणून डॅनिश लोकांनी तिला ‘बायकांची होडी’ असेच नाव दिले. तीतून सगळे घरदार एका मुक्कामावरून दुसरीकडे जाई. आज जगभर स्पर्धा भरतात त्या कयाकच्या. उमियाक कुणाला ठाऊक आहे?

आता आपल्या किनाऱ्यावर या. पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा इथे डोलीच्या जाळ्यांवर बोंबील आणि जवळा येतो. डोल भरतीओहोटीच्या प्रवाहावर चालते, घड्याळावर नाही. नौका रात्री दोनला लागली तर बाई दोनला किनाऱ्यावर. बोंबील, जवळा, मांदेली, वाकटी, कोळंबी वेगवेगळी करायची, धुवायची, काही बर्फात भरायची. उरलेल्या बोंबलांतले दोन-दोन घेऊन त्यांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर टांगायचे. एका नौकेच्या मासळीत अशा किती जोड्या होतात ते कधी बसून मोजा. बोटांना दात लागतात, मिठाच्या पाण्याने ती चिघळतात. अवकाळी पाऊस आला तर सगळा माल गोळा करायचा, नाही झाला तर खत म्हणून विकायचा. हे आटोपून पहाटेच्या विरार लोकलच्या मालडब्यात पाटी चढवायची. इथली मासळी कमी पडली की उलट्या दिशेने भाऊच्या धक्क्यावर जाऊन माल विकत घ्यायचा आणि परत येऊन तो विकायचा. खाडीकाठच्या कित्येक बायका ओहोटीला चिखलात उतरून कालवे, तिसऱ्या, खुबे हाताने काढतात. होडी नाही, जाळे नाही, गळही नाही. ही मासेमारी नाही तर काय आहे?

बोंबील टांगायला आणि जवळा पसरायला जागा लागते, वाऱ्याची आणि उन्हाची. आणि कयाकला समुद्र शांत हवा. म्हणजे पावसाळा सोडून ऑक्टोबर ते मे, ऐन वाळवणाचा हंगाम! स्पर्धेच्या आराखड्यात मंडप, वाहनतळ आणि होड्या ठेवायची जागा जिथे दाखवली होती, तिथे बायका वर्षानुवर्षे जवळा वाळवतात. ‘‘ती जागा तर मोकळीच आहे,’’ असे संयोजक म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. त्यांनी पाहिले तेव्हा ती मोकळी असेलही, पण वाळवणाची जागा काही दिवस मोकळी राहतेच. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेनुसार मच्छीमार गावांच्या सामायिक जागा, त्यांत मासळी वाळवण्याच्या जागाही, नकाशावर दाखवायच्या होत्या. आपल्या किनाऱ्यावरच्या किती गावांत त्या पुरेपूर दाखवल्या गेल्या, याची तक्रार मच्छीमार संघटना तेव्हापासून करत आहेत. जी जागा नकाशावर नाही ती कुणीही मागावी.

कागदाचा प्रश्न निघालाच आहे तर माझा एक अनुभव सांगते. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सोय मच्छीमारांनाही लागू झाली. नियमांत बचतगट आणि महिला गट यांची नावे ठळक आहेत, म्हणून आम्ही उत्साहाने अर्ज भरले. बँकेत पहिला प्रश्न आला, ‘‘नौका कुणाच्या नावावर?’’ कारण सागरी मासेमारीच्या पात्रतेत नोंदणीकृत नौका आणि परवाना यांची अटही त्याच नियमांत आहे. आमच्या गटातल्या एकीच्याही नावावर नौका नव्हती. अर्ज परत आले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या गणनेतही ‘सक्रिय मच्छीमार’ हा रकाना वेगळा आणि ‘मासेमारीशी संबंधित कामे’ हा वेगळा. पहिल्यात बहुतेक पुरुष, दुसऱ्यात आम्ही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा दिला. चांगले झाले. पण शेतीत सातबारावर बाईचे नाव लावण्यासाठी १९८९-९० च्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेपासून काय काय करावे लागले ते आपण जाणतो. आता तीच लढाई नौकेच्या नोंदवहीपासून नव्याने सुरू करायची आहे. २०१४ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने छोट्या मच्छीमारांविषयी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्यांत मासा पकडण्याआधीचे आणि नंतरचे काम हीसुद्धा मासेमारीच मानली आहे. ती तत्त्वे मराठीत करून एकदा बँकेच्या काउंटरवर ठेवावीत असे वाटते.

या कागदी जंजाळात कयाकचे मात्र बरे आहे. पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, ती इंजिनाच्या नौकांना. बिगर-यांत्रिक होड्यांना सवलत आहे ती गरीब, पारंपरिक मच्छीमाराचे पोट चालावे म्हणून. वल्ह्यावर चालणाऱ्या कयाकलाही इंजीन नाही. उद्या ही सवलत छंदाच्या मासेमारीलाही लागू आहे असे कुणी म्हटले, तर उत्तर कोण देणार? १९९१ च्या खोल समुद्रातील मासेमारीच्या धोरणाविरुद्ध १९९४ मध्ये देशभर मच्छीमारांचे संप झाले आणि १९९६ च्या मुरारी समितीच्या अहवालापर्यंत सरकारला यावे लागले. तेव्हा समोर परदेशी ट्रॉलर होते, ओळखायला सोपे. हा पाहुणा रंगीत होडीतून, पर्यावरणाची भाषा बोलत, मासा परत पाण्यात सोडत येतो. त्याच्यावर रागावणेही अवघड जाते.

बैठकीत गावच्या पुरुष पुढाऱ्यांनी विरोध केला, ‘‘समुद्र आमचा आहे’’ म्हणून. माझी त्यांच्याशीही भांडण्याची तयारी आहे. आमचा म्हणजे कुणाचा? नौकेवर बाईने पाय ठेवू नये ही समजूत कित्येक कोळीवाड्यांत अजून जिवंत आहे. सहकारी संस्थेच्या समितीत कायद्याने महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत, पण तिथे बसलेल्या बाईला ठराव वाचायला मिळतो का, की नुसती सहीची जागा दाखवतात? वाढवण बंदराविरुद्धच्या मोर्चांत बायका पुढे असतात, तेव्हा त्या चालतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघरच्या मुरबे गावच्या एका नौकेला दीडशेहून जास्त घोळ मिळाले आणि कोटीहून अधिक रुपये आले. ती बातमी देशभर गाजली. मी वाचलेल्या बातम्यांत नाखवा होता, खलाशी होते, व्यापारी होते. किनाऱ्यावरची एकही बाई नव्हती. स्पर्धेवाल्यांना नावे ठेवताना हेही आठवावे.

टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या मैत्रिणींचे म्हणणे मला कळते. मुलींनी समुद्रात जावे, स्नायू कमवावेत, भीती मोडावी, हे आपणच तर शिबिरांत सांगत आलो. गावातल्या कोळी मुलींनाही कयाक वल्हवायला मिळाली तर मी पहिली टाळी वाजवीन. पण केरळच्या त्रिशूर जिल्ह्यातल्या के. सी. रेखा नवऱ्यासोबत समुद्रात जाऊ लागल्या ते खलाशी मिळेनात म्हणून, घर चालावे म्हणून. समुद्रात मासेमारी करण्याचा परवाना मिळवणारी देशातली पहिली बाई म्हणून त्यांचे नाव झाले. त्या परवान्यावर ‘महिला गट’ असे लिहिलेले नाही. परवाना म्हणजे परवाना, कर्जाला आणि विम्याला चालणारा. आपण मागायचे ते हे. निम्म्या बक्षिसाचा वेगळा गट स्वीकारला की उरलेली सगळी मैदाने पुरुषांची हे आपणच मान्य करतो, आणि वर आयोजकाला ‘महिला सबलीकरण’ अशी पाटी लावायला मिळते.

आम्ही संयोजकांना पत्र दिले आहे. स्पर्धेची तारीख वाळवणाच्या हंगामात नको. किनाऱ्याची जागा वापरायची तर ती वाळवणाऱ्या बायकांच्या सभेत विचारून आणि भाडे त्यांच्या गटाला देऊन. स्टॉल लावायचा की नाही हे गट ठरवील. नाच होणार नाही. नाचाचे कलम बचतगटाच्या बायकांनी स्वतः घातले. मी ते सौम्य करा म्हटले, त्यांनी ऐकले नाही. उत्तर अजून आलेले नाही.

दरम्यान वाळवणाच्या जागा आम्ही स्वतःच मोजायला घेतल्या आहेत. भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ कमी, डोलीचे काम हलके, म्हणून बायकांना तेवढाच वेळ मिळतो. आतापर्यंत दोन वाड्या झाल्या. लांबी, रुंदी, कोण किती वर्षे वापरते, सासूच्या आधी कोण वापरत होते, असे सगळे वहीत उतरवले आहे. पण हे मोजमाप भूमापनाच्या नकाशावर चढवायचे कसे, ते आमच्यात कुणाला नीट येत नाही. वाचकांपैकी कुणाला येत असेल तर तिने एक दिवस काढून यावे. भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आमच्याकडे.