काढता येईल का, हे आधी विचारा

सॉफ्टवेअर घेताना ते काय काय करते, हे आपण विचारतो. नको झाले तर काढायचे कसे, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते हाच पहिला प्रश्न असायला हवा.

मी भाषा शिकवणारा माणूस. पण शाळेच्या वेबसाइटचे काम शेवटी आमच्यासारख्यांकडेच येते. लहान शाळा, वाचनालये भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर साइट ठेवतात. लिनक्सचे आदेश येत नाहीत, म्हणून सीपॅनल किंवा प्लेस्कसारखे कंट्रोल पॅनल बसवतात. सोय होते, हे खरेच. पण २०१९ मध्ये सीपॅनलने परवान्याचे दर खात्यांच्या संख्येनुसार लावले. अनेकांचा खर्च वाढला आणि पॅनल काढायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला.

उत्तर कडू आहे. ही दोन्ही पॅनल चालू सर्व्हरवरून स्वच्छ निघत नाहीत. वेब सर्व्हर, ईमेल, डेटाबेस, डीएनएस सगळे ती आपल्या पद्धतीने मांडतात. फाइली पुसून पॅनल काढू पाहाल, तर साइट आणि ईमेल दोन्ही बंद पडू शकतात. ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवणे हाच खात्रीचा मार्ग. याउलट वेबमिन हे मोफत साधन मूळ सेटिंगच्या फाइलींवरच काम करते. ते काढले तरी साइट चालू राहते. म्हणजे हे करता येते. प्रश्न रचनेचा आहे.

म्हणून चालू सर्व्हरवर शस्त्रक्रिया नको. दुसरा कोरा सर्व्हर घ्या. फाइली, डेटाबेस, टपालपेट्या आणि ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामे यांची प्रत काढा. एक प्रत सर्व्हरबाहेर ठेवा. डेटाबेस हलवताना युनिकोड सांभाळा, नाहीतर उर्दू आणि मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतील. डीएनएस पॅनलवरच चालत असेल, तर तो आधी बाहेर हलवा. बदलाच्या एक-दोन दिवस आधी टीटीएल ३०० सेकंदांवर आणा. नव्या सर्व्हरवर सगळे तपासा. जुन्या साइटवरचे अर्ज थोडा वेळ थांबवून शेवटची प्रत घ्या आणि मगच पत्ता बदला. जुना सर्व्हर आठवडाभर राहू द्या.

यात दोन सर्व्हरचे भाडे काही दिवस भरावे लागते. संस्थाचालक कुरकुरतील. पण त्या सर्व्हरवर मुलांचे निकाल आणि पालकांचे प्रवेश अर्ज आहेत. ही लोकांची अमानत आहे. चार पैसे वाचवण्यासाठी ती पणाला लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पुढच्या वेळी कुणी नवे सॉफ्टवेअर सुचवले, तर समितीने दोन गोष्टी लेखी मागाव्यात : आमची माहिती पूर्ण बाहेर कशी काढायची आणि हे सॉफ्टवेअर काढले तर काय बंद पडेल. उत्तर मिळत नसेल, तर सही करू नये.