आलेखाची सोय आणि कादंबरीची गैरसोय

प्रारंभ, चढता संघर्ष, उत्कर्षबिंदू, उतार आणि शेवट अशा पाच टप्प्यांचा त्रिकोण फळ्यावर काढावयाचा आणि नेमलेल्या कादंबरीतील घटना विद्यार्थ्यांनी त्यावर बसवावयाच्या, ही अध्यापनाची रीत सोयीची आहे. म्हणूनच ती तपासून घेतली पाहिजे. हा त्रिकोण गुस्टाव्ह फ्रायटाग या जर्मन लेखकाने 1863 मध्ये मांडला तो नाटकाच्या तंत्रासाठी. तो कादंबरीला का लागू व्हावा, हा प्रश्न मात्र वर्गात अनुच्चारितच राहतो.

'कोसला' (1963) या त्रिकोणावर बसवून पाहावी. मनीचा मृत्यू हा उत्कर्षबिंदू मानला, तर त्यापूर्वीचे वसतिगृहातील जगणे केवळ 'चढण' ठरते आणि रोजनिशीचा भाग निरर्थक होतो. मग विद्यार्थी लिहितो : 'संविधानक विस्कळीत आहे.' वास्तविक तो कादंबरीचा दोष नोंदवीत नसून आकृतीचा तोकडेपणा नोंदवीत असतो.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. येथील अनेक विद्यार्थी ऊसतोड कामगारांच्या घरांतून येतात. दरवर्षी कोयता घेऊन जाणे आणि हंगाम सरल्यावर परतणे, हा त्यांच्या घरचा कालानुभव आवर्तनाचा आहे. त्याला शिखर नाही. शिखर नसलेले कथन सदोष, असे ज्याला शिकविले जाते, त्याला आपल्या जगण्याची कादंबरी होऊच शकत नाही, हेही न बोलता शिकविले जाते.

आलेखामुळे दीर्घ कादंबरी आवाक्यात येते, हा समर्थकांचा युक्तिवाद खरा आहे. पण त्यावरून आलेखाची गरज सिद्ध होते, त्रिकोणाची नव्हे. घटना घडल्याचा क्रम एका रेषेवर आणि त्या सांगितल्याचा क्रम दुसऱ्या रेषेवर मांडला, तर निवेदक कोठे थांबतो, काय वगळतो, कशाकडे पुनःपुन्हा वळतो, हे दिसू लागते. तेथून वाचन सुरू होते. त्रिकोणात ते संपते. 'ट्रिस्ट्रम शॅन्डी'त लॉरेन्स स्टर्नने आपल्या कथनाच्या वेड्यावाकड्या रेषा स्वतःच छापून सरळ रेषेच्या आग्रहाची थट्टा केली, तीही फ्रायटागच्या शंभर वर्षे आधी.

आकृतीचे वावडे या भूमीला कधीच नव्हते. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद पासोडीवर पंचीकरण लिहिले. त्यात ओव्यांबरोबर आकृत्याही आहेत. तेथे विषयाने आकृती घडविली आहे. आजच्या वर्गात आकृती आधी तयार असते आणि कादंबरी तिच्या मापाने कापली जाते. विद्यार्थ्याच्या हाती कोरा कागद द्यावा. त्यावर कोणती रेषा उमटावी, हे ठरविण्याचा अधिकार कादंबरीचा आहे.