नवख्याच्या भीतीचे भांडवल

परदेशी निघालेल्या मुलांच्या बॅगा भरण्याचा सोहळा आता मराठी मध्यमवर्गात घरोघरी होतो. शेजाऱ्यांकडून वजनकाटा येतो, किलोकिलोचा हिशेब मांडला जातो, मेतकूट न्यायचे की पुस्तके यावर आईवडिलांत मतभेद होतात. त्या बॅगेत सगळे काही असते. तिथे संकट आले तर काय करायचे, याचे साधे ज्ञान मात्र नसते.

माझी भाची लग्नानंतर नवऱ्यापाठोपाठ न्यू जर्सीला गेली. महिनाही झाला नसेल, एका दुपारी ती घरात एकटी असताना फोन आला. ‘‘करखात्यातून बोलतोय. तुमच्या नवऱ्याच्या कागदपत्रांत गफलत आहे. दोन तासांत दंड भरा, नाहीतर व्हिसा रद्द होऊन अटक होईल. नवऱ्याला फोन करू नका, तुमची लाइन रेकॉर्ड होते आहे.’’ ती धावत दुकानात गेली, गिफ्ट कार्डे विकत घेतली आणि त्यांवरचे आकडे फोनवर वाचून दाखवले. चार महिने तिने हे कोणालाच सांगितले नाही. पुढे मला म्हणाली, ‘‘मामा, पैशांचं एवढं नाही. मी शिकलेली, इतकी घाबरले कशी, याचीच लाज वाटली.’’

बँकेच्या नोकरीत खोट्या सह्या आणि बनावट चेक मी पुष्कळ पाहिले. प्रत्येक लबाडीत एक खूण सारखी असे, ती घाईची. ‘‘साहेब, गाडी सुटतेय, एवढं पास करा.’’ जो विचार करायला वेळ देत नाही त्याचा कागद आधी बाजूला ठेवायचा, हे आमच्या हेडकॅशियरने मला पहिल्याच वर्षी शिकवले होते. भाचीला ते शिकवणारे तिथे कोणी नव्हते.

असे फोन येतात तरी कुठून? ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करणारी आपलीच तरुण मुले सापडली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अहमदाबादच्या अशाच कॉल सेंटरांवर आरोप ठेवले. २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयांनी या टोळीतल्या वीसहून अधिक जणांना शिक्षा सुनावल्या. फसलेल्यांत वृद्ध होते, तसेच कायदेशीर मार्गाने आलेले स्थलांतरितही होते. घरच्यांनीच घरच्यांना लुटावे, तसा हा प्रकार.

हा धंदा चालतो, कारण भीती अगदीच निराधार नसते. नवऱ्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला आणि एच-४वर गेलेल्या बायकोचा नवऱ्याला. १९८७ साली जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ नावाच्या टोळक्याने कुंकू लावणाऱ्यांविरुद्ध दहशत माजवली होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथ येथे श्रीनिवास कुचिभोटला या अभियंत्याला वंशद्वेषातून गोळी घालून मारण्यात आले. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले. ते बेकायदा गेले होते हे खरे. पण बेड्यांची ती दृश्ये कायदेशीर राहणाऱ्यांच्या घरांतही पाहिली गेली. अशा हवेत ‘व्हिसा’ हा एक शब्द उच्चारला, की ठकाचे निम्मे काम होते.

म्हणून भीती घालवण्याचा उपदेश करण्यापेक्षा तिला माहितीची जोड द्यावी. कोणतेही सरकारी खाते दंड गिफ्ट कार्डात घेत नाही. करखाते सहसा आधी टपालाने पत्र पाठवते. फोन ठेवून द्यावा आणि खात्याचा अधिकृत क्रमांक आपण शोधून लावावा. भारतात फोन करताना ०११-९१ फिरवण्याच्या गडबडीत चुकून ९११ लागतो. तेव्हा घाबरून फोन ठेवू नये, ‘चुकून लागला’ एवढे सांगावे, नाहीतर पोलीस दारात येऊ शकतात. आपल्याकडे पोलिसाने गाडी अडवली की आपण उतरून त्याच्याकडे जातो. तिथे उतरू नये. हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवून बसून राहावे. ‘दोन मिनिटांत येते’ म्हणून मुलाला गाडीत ठेवून दुकानात जाणे तिथे गुन्हा ठरू शकते. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. अठरा वर्षांवरील परदेशी व्यक्तीने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा, हा जुनाच कायदा २०२५पासून कडकपणे राबवला जाऊ लागला. तेव्हा सगळी कागदपत्रे घरात कुलूपबंद ठेवण्याची आपली सवयही तपासून पाहावी.

आणखी एक धोका घराबाहेरून येत नाही. मारणारा नवरा ‘पोलिसांना बोलावलंस तर तुझाच व्हिसा जाईल’ असे म्हणतो, तेव्हा तो त्या फोनवरच्या ठकाचीच भाषा बोलत असतो. पोलिसांना बोलावल्याने व्हिसा आपोआप रद्द होत नाही. काही गंभीर गुन्ह्यांना बळी पडून तपासाला मदत करणाऱ्यांसाठी २००० सालच्या कायद्याने ‘यू’ व्हिसाची तरतूद केली. वर्षाला दहा हजारांची मर्यादा असल्याने तो मिळायला फार वाट पाहावी लागते, हेही सांगायला हवे. न्यू जर्सीत ‘मानवी’ ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची संस्था १९८५ साली उभी राहिली, तीही अशाच अनुभवांतून. मुलीचे स्थळ ठरवताना पगार विचारणारे आपण, तिला तिथे मदत कोण करील हे विचारतो का?

उत्तर अमेरिकेत १९८१पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, गावोगावी महाराष्ट्र मंडळे आहेत. गणपतीत आरतीनंतर नव्याने आलेल्यांना दहा मिनिटे या गोष्टी सांगितल्या, तर प्रसादाला उशीर होणार नाही. फसलेल्याने चारचौघांत ‘मी फसलो’ म्हणावे आणि कोणी हसू नये, एवढे झाले तरी पुष्कळ. कारण ठकाला साथ देते ती आपली लाज.

यंदा धाकटा पुतण्या निघाला. भाचीने तिकडून फोन करून त्याला एक कागद लिहायला लावला: शेजाऱ्याचा नंबर, तिचा स्वतःचा नंबर आणि खाली एक वाक्य, ‘घाबरलास तर आधी कोणाला तरी सांग.’ त्याच्या आईने तो कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेवला. बॅगेचे वजन काही वाढले नाही.